चौरस किलोमीटरमागे १७

जैसलमेर जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमागे १७ माणसं राहतात. हा २०११च्या जनगणनेचा आकडा. त्याच जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याचा आकडा वीस हजारांच्या वर आहे. तिकडे अख्ख्या चौरस किलोमीटरात जेवढी माणसं विखुरलेली असतात, तेवढी आमच्याकडे सकाळच्या फास्ट लोकलच्या एका दारात उभी असतात, आणि आतून कोणीतरी ओरडत असतं की अजून दोघं मावतील.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या काही कुटुंबांनी थरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहायचं ठरवलं, तेव्हा हा आकडा कोणी पाहिला नव्हता. थंडीची भीती वाटत होती, विंचवाची वाटत होती, उंटाची तर वाटतच होती. मोकळ्या जागेची भीती मात्र कोणाच्या मनातही आली नाही. ती चीजच कोणी फारशी पाहिलेली नव्हती.

वाळवंटात तंबूत राहण्याचे दोन प्रकार आहेत. एक जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर समच्या टेकड्यांशी चालतो. तिथे तंबूत पलंग, पलंगावर गादी, तंबूच्या मागच्या अंगाला संडास-बाथरूम, गरम पाणी, संध्याकाळी कालबेलिया नाच आणि तो संपला की डीजे. कच्छच्या धोर्डोला रणोत्सवात तर असल्या तंबूंचं शहरच उभं राहतं. दुसऱ्या प्रकारात यातलं काहीच नसतं. आपला तंबू आपण ठोकायचा, वीज नाही, नळ नाही, संडास नाही. आमच्या खजिनदारांनी पहिल्या प्रकाराचे दर पाहिले आणि जाहीर केलं की वाळवंट अनुभवायचं तर खरं अनुभवायचं. माणसाच्या निसर्गप्रेमाचा उगम पुष्कळदा दरपत्रकात असतो.

शिवाय आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचे काका होते. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या दर दोन-तीन इमारतींमागे यूथ हॉस्टेलच्या कॅम्पांना जाऊन आलेला एक माणूस असतोच. असा माणूस लगेच ओळखू येतो. तो पहाटे विनाकारण उठतो, स्वतःचं ताट स्वतः घासतो आणि कॅम्पात रात्री मिळणाऱ्या बोर्नव्हिटाविषयी डोळे मिटून बोलतो. काका आमचे म्होरके झाले.

खरेदीत एक तंबू असा आला की तो म्हणे दोन सेकंदांत उघडतो. खरोखरच उघडला. खजिनदारांच्या हॉलमध्ये उघडला आणि टीपॉय, टीव्ही व खजिनदार यांना भिंतीशी दाबून धरून उभा राहिला. तो बंद करायला मात्र रविवारची दुपार गेली. शेवटी वॉचमननं केला. मग रंगीत तालमीसाठी गच्चीवर तंबू लावायचं ठरलं, त्यावर सेक्रेटरींनी लेखी अर्ज मागितला. वॉटरप्रूफिंग नुकतंच झाल्यामुळे खुंट्या ठोकायला मनाई होती आणि खुंट्यांशिवाय तालीम म्हणजे तंबू हातानं धरून उभं राहणं. आम्ही आळीपाळीनं उभे राहिलो.

थंडीच्या कपड्यांचं तर विचारूच नका. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही १९६२च्या जानेवारीत. त्यानंतर उपनगरात स्वेटर हा प्रकार मुख्यतः महाबळेश्वरच्या फोटोंसाठी वापरला जातो. जैसलमेरला डिसेंबरच्या रात्री पारा आठाच्याही खाली उतरतो हे कळल्यावर प्रत्येकानं आपापल्या परीनं थर चढवले. इमारतीतल्या गुजराती शेजाऱ्यांनी थेपल्यांची चळत दिली, आम्ही मेतकूट, लसणीची चटणी आणि चकल्या घेतल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एक लांब दांड्याची काळी छत्री घेतली. वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात, भर डिसेंबरात, छत्री! आम्ही सगळे हसलो. आजी हसल्या नाहीत. त्या आळंदी ते पंढरपूर पायी वारी केलेल्या, तीन-तीन आठवडे पालात झोपलेल्या बाई आहेत. आमच्यात तंबूचा खरा अनुभव असलेली ती एकच व्यक्ती होती, आणि तिला आम्ही ‘तुम्हाला जमेल ना आजी?’ असं विचारत होतो.

प्रवासाविषयी एवढंच, की राजस्थानची गाडी धरायला मुलुंडच्या माणसाला आधी बोरिवली गाठावी लागते. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता पुरा होईल तेव्हा होईल. तोवर मुलुंड ते बोरिवली हाच प्रवासाचा अवघड टप्पा, पुढे जोधपूर वगैरे आपोआप येतं.

समचा गजबजाट मागे टाकून जीपनं आम्हाला वाळूत सोडलं. क्षेत्रफळानं जवळजवळ केरळाएवढा असलेला तो जिल्हा समोर मोकळा पडला होता. उंटवाल्यानं हातानं अर्धवर्तुळ काढलं आणि म्हणाला, “साब, कहीं भी लगा लो.”

कुठेही! हा शब्द आम्हाला आयुष्यात कोणी उच्चारला नव्हता. इथे नको, गेटसमोर नको, जिन्याखाली नको, हे ऐकत आम्ही वाढलेलो. ‘कुठेही’ म्हटल्यावर नेमकं कुठे, हे कोणालाच कळेना. बऱ्याच वेळानं खजिनदारांनी धीर करून एक जागा धरली. ती धरल्याबरोबर दुसऱ्यानं तिला लागून जागा धरली, तिसऱ्यानं दुसऱ्याला लागून, आणि अर्ध्या तासात वाळूवर समोरासमोर दोन रांगा उभ्या राहिल्या, मधे दोन माणसं अंग चोरून जातील एवढा पॅसेज. तंबूंच्या दोऱ्या एकमेकींत अशा अडकल्या की एकानं आपली दोरी ताणली की शेजाऱ्याचं छप्पर खाली यायचं. पॅसेजच्या दोन्ही बाजूंना चपला लागल्या. कोणीतरी ओला टॉवेल शेजाऱ्याच्या दोरीवर टाकला आणि ‘आमच्या हद्दीत’ हे शब्द थरच्या वाळवंटात पहिल्यांदा उच्चारले गेले.

मुलुंडला कोपऱ्याच्या फ्लॅटसाठी बिल्डर जास्त पैसे घेतो. दोन बाजूंनी उजेड, वारा, एका बाजूला शेजार नाही. वाळवंटात तोच कोपऱ्याचा तंबू कोणी फुकट घेईना. तळमजल्याच्या जोडप्यानं उदार होऊन घेतला, आणि अंधार पडायच्या आत उठून आले. म्हणाले, “बाजूला कोणीच नाहीये हो.” मग सगळ्यांनी थोडं थोडं सरकून त्यांना मधे घेतलं. सरकून घेणं ही आमची जन्मजात विद्या, चौथी सीट आम्हीच शोधून काढलेली. पण त्यामुळे दुसरं कोणीतरी कोपऱ्यात गेलं. एका रांगेला शेवट असणारच, हा भूमितीचा प्रश्न आहे. तो काकांनी सोडवला: दोन्ही रांगांच्या टोकांशी उंट बसवले.

उंटवाला हे सगळं बघत होता. त्यानं भाबडेपणानं विचारलं, “आप लोगों में आपस में बहुत प्रेम है?” एकमेकांना खेटून तंबू लावलेल्या आमच्यातल्या दोन गृहस्थांनी गेल्या वार्षिक सभेनंतर बाथरूमच्या गळतीवरून एकमेकांना वकिलाच्या नोटिसा पाठवल्या होत्या. पण हे हिंदीत कसं सांगणार? आम्ही “हां हां” म्हणालो.

वाळूत खुंटी टिकत नाही, हे इथे कळलं. ठोकताना सुरेख आत जाते आणि दोरी बांधली की तितकीच सुरेख वर येते. उंटवाल्यानं रिकाम्या पिशव्या मागितल्या, त्यांत वाळू भरली, दोरी पिशवीला बांधून पिशवी हातभर खोल पुरली आणि वर पाय देऊन वाळू दाबली. जी वाळू खुंटीला धरत नव्हती, तीच आता वजन होऊन तंबू धरून बसली. आजींनी प्रत्येक दोरी बोटानं वाजवून पाहिली आणि उंटवाल्याला म्हणाल्या, “बेटा, ये वाली ढिली है.” तो “जी, माजीसा” म्हणून धावला. त्या क्षणापासून काकांचं नेतृत्व संपलं.

पाण्याच्या बाबतीत उपनगरी माणूस वाळवंटाला भीत नाही. ठरावीक वेळेला पाणी येणार, तेवढ्यात भरायचं, अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची, हे शिक्षण आमचं घरीच झालेलं असतं. सकाळी जीपनं पाण्याचा ड्रम आणला. तो खाली ठेवेपर्यंत पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हाक दिली, “आलं गं!” आणि क्षणात बाटल्या, डबे, पातेली, थर्मासची झाकणं भरली गेली. ड्रम रिकामा झाला, सगळ्यांचे चेहरे शांत झाले. पाणी ड्रममध्येही राहिलं असतं, हे उंटवाल्याचं म्हणणं कोणाला पटेना. आलेलं पाणी भरून ठेवायचं असतं.

त्याला आम्ही २६ जुलै २००५ची हकिकत सांगितली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. जैसलमेरचा चार वर्षांहून अधिकचा पाऊस एका दिवसात, आणि तो सगळा मिठी नदीवाटे, दुकानांवाटे, लोकांच्या हॉलवाटे समुद्रात. तो ऐकतच राहिला. त्यांच्याकडे वाळूखाली कुठे कुठे जिप्समचा थर असतो. मुरलेलं पावसाचं पाणी त्याच्यावर अडून वाळूत ओल धरून राहतं. तिथे माणूस जेमतेम उतरेल एवढ्या रुंदीची कुई खणतात. बाजूच्या वाळूतली ओल त्या पोकळीत थेंबाथेंबानं झिरपते आणि दिवसाकाठी दोन-तीन घडे गोडं पाणी जमतं. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’मध्ये या कुईंची सगळी कहाणी लिहिली आहे. उंटवाल्यानं विचारलं, “इतना बरसता है, फिर तो पानी का दुख नहीं होगा आपको?” आम्ही टँकरचे भाव सांगितले. तो काही बोलला नाही. त्यानं चहा टाकला.

आता मुद्द्याचं. वाळवंटात सर्वांत दुर्मीळ गोष्ट पाणी नव्हे, आडोसा.

शास्त्र सोपं आहे: तंबूपासून लांब जायचं, वीतभर खोल खड्डा खणायचा, नंतर बुजवायचा, कागद परत आणायचा, कारण कोरड्या वाळूत तो वर्षानुवर्षं कुजत नाही. काकांनी आदल्या रात्री हे सगळं नीट समजावलं होतं, छोटं फावडंही दाखवलं होतं. पण लांब म्हणजे किती लांब? पहाटे लोक टमरेल घेऊन निघाले. शंभर पावलं गेले, मागे वळून पाहिलं, तर तंबू दिसतायत. आणखी शंभर गेले, तरी दिसतायत. टेकडी ओलांडावी तर पलीकडे दुसऱ्या मजल्यावरचे जावई आधीच बसलेले. खेजडीचं एखादं झाड असतं. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती. तिची पानं एवढी बारीक की पूजेला ठीक, आडोशाला निरुपयोगी. शिवाय पूजेचं झाड म्हणून काहींचं मन धजेना. लहानपणी कुर्ला-घाटकोपरच्या रुळांकडेला बसलेल्यांना लोकलच्या खिडकीतून नाक मुरडून पाहिलेली मंडळी आता तीच बैठक शोधत वाळूत भटकत होती, आणि त्यांना एक गोष्ट लक्षात आली: रुळांवरच्या माणसाला निदान गाडीचं वेळापत्रक ठाऊक असतं.

आजी उठल्या. छत्री घेतली, पन्नास पावलांवर गेल्या, छत्री उघडून वाळूत तिरकी रोवली आणि तिच्यामागे दिसेनाशा झाल्या. परत आल्या तेव्हा सगळी छावणी उभी राहून बघत होती. “वारीत बायका दुसरं काय करतात?” एवढंच त्या म्हणाल्या. मुक्कामाला मोकळं रान आणि लाखोंची गर्दी, छत्री उन्हा-पावसासाठी असते असं फक्त पुरुष समजतात.

दुसऱ्या दिवशी छत्रीसाठी रांग लागली. खजिनदारांनी वहीत नावं लिहून घेतली. बायका आधी, मग मुलं, मग ज्येष्ठ नागरिक. छत्री उघडी दिसली की ‘चालू आहे’ आणि मिटून वाळूत उभी दिसली की ‘रिकामी’, असा संकेतही ठरला. सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात एवढ्या शिस्तीनं चाललेली दुसरी व्यवस्था मला आठवत नाही.

रात्री आकाश खाली आलं. मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध, आजी एकेकाला हाक मारावी तशी नावं घेत होत्या. मुलं मोबाइलच्या अ‍ॅपवर त्या बरोबर सांगतायत का हे तपासत होती. बरोबर सांगत होत्या. पण दहा वाजले आणि खरा त्रास सुरू झाला. आवाजच नव्हता. पंखा नाही, पंप नाही, शेवटच्या कसाऱ्याचा भोंगा नाही, कोणाच्या कुकरची शिट्टी नाही. कान ताणले तर स्वतःच्या रक्ताचा आवाज यायला लागला, त्यानं दोघांना रक्तदाबाची गोळी आठवली. एका तंबूत मोबाइलवर पंख्याचा आवाज लावला गेला. तो ऐकून शेजारचे म्हणाले, जरा मोठा करा. अखेर वकिलाची नोटीस पाठवणाऱ्यांपैकी एक घोरू लागले, तेव्हा सगळी रांग निर्धास्त झोपली.

त्याआधी शेकोटीपाशी उंटवाल्यानं पीवण्याची गोष्ट सांगितली होती. पीवणा नावाचा साप म्हणे रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसतो आणि त्याचा श्वास पिऊन टाकतो. साप मण्यारीच्या जातीचा आणि खरा आहे. मण्यार रात्री हिंडते, तिचा दंश फारसा दुखत नाही, विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात, झोपलेला माणूस सकाळी उठत नाही, आणि मागे राहिलेले लोक त्याची अशी गोष्ट रचतात. थंडीत साप सहसा बाहेर पडत नाहीत, हे काकांनी बजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि आत जाऊन तंबूच्या चेनी नाकापर्यंत लावून घेतल्या. हवा यायची भोकंही बंद केली.

परिणाम पहाटे दिसला. बाहेर सहा-सात अंश, आत तीन जणांच्या तंबूत चार जणांचा उच्छ्वास. थंड कापडावर त्याचं पाणी झालं आणि टप टप गळू लागलं. अंगावर थेंब पडल्याबरोबर उपनगरी माणूस ताडकन उठून बसला, वर बघितलं आणि सवयीनं म्हणाला, “वरच्यांना सांगा.” वर फक्त आकाश होतं.

दुसऱ्या रात्री शेकोटीपाशी खजिनदारांनी दबक्या आवाजात विचारलं, “भैया, इधर बिबट्या आता है क्या?” “लोमड़ी है, साब. जंगली बिल्ली है. बघेरा नहीं.” मग त्यानं विचारलं, तुमच्याकडे? आम्ही सांगितलं की घरामागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, शंभरेक चौरस किलोमीटरांचं, त्यात बिबटे चाळीसहून जास्त, अधूनमधून एखादा सोसायटीच्या सीसीटीव्हीत दिसतो, वॉचमन शिट्टी वाजवतो, तो जातो. उंटवाल्यानं आमच्याकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं. नंतर आपला उंट थोडा जवळ घेतला.

सकाळी वाळूवर किड्यांच्या पायांची बारीक नक्षी असते. शेणकिडे उंटाच्या लेंड्या ढकलत सरळ रेषेत चाललेले असतात. त्यांच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांना संशोधकांनी टोप्या घालून आकाश झाकून पाहिलं, तारांगणात नेऊन सोडलं आणि सिद्ध केलं की हा किडा आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरतो. त्याबद्दल संशोधकांना २०१३चं इग नोबेलही मिळालं. मुलुंडचा माणूस दिशा स्टेशनावरून धरतो. स्टेशन नसल्यामुळे आम्ही दोन दिवस हरवल्यासारखे होतो. तिसऱ्या दिवशी सूर्योदयाला सर्वानुमते ठरलं की ही ईस्ट. त्यानंतर आमच्या दोन रांगांना आपोआप ईस्ट-वेस्ट म्हटलं जाऊ लागलं, आणि दुपारपर्यंत वेस्टवाले ईस्टवाल्यांकडे जरा वरून बघायला लागले.

माझं मत असं बनलं आहे, की पाणी नसणं, वीज नसणं, जमिनीवर झोपणं, दातांखाली वाळू, यातलं काहीही आपल्याला जड जात नाही. १०×१२च्या खोलीत सहा माणसं वाढलेल्या कुळातले आपण, आपल्याला कमी कशाचंही चालतं. जास्त दिलं की पंचाईत. निसर्गानं चौरस किलोमीटरमागे १७ असा हिशेब मांडला होता, आम्ही दोनच दिवसांत तो पन्नास चौरस मीटरमागे १७ वर आणून ठेवला. शेवटच्या दिवशी निघताना वाळू पुन्हा होती तशी केली, प्लास्टिकची प्रत्येक पिशवी उपसून बरोबर घेतली. दोन सेकंदांचा तंबू या खेपेला उंटवाल्याच्या पुतण्यानं बंद केला.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी जा, उन्हाळ्यात हा वेडेपणा करू नका. खुंट्यांवर विसंबू नका, रिकाम्या पिशव्या न्या. रात्री तंबूची हवा यायची भोकं उघडी ठेवा. कचरा परत आणा. आणि छत्री न्या. लांब दांड्याची, मोठी, काळी. घडीची नको, तिच्याआड माणूस मावत नाही.